नजरबाईची मूळ नोंद

माझं भाषण ऐकून आजवर एकाही माणसानं दारू सोडलेली नाही. हे मी मनाला लावून घेत नाही, कारण माझं भाषण आजवर एकाही माणसानं पूर्ण ऐकलेलंही नाही. श्री बाणलिंग सहकारी साखर कारखान्यात मी चालक-प्रशिक्षक आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना गोळा करायचं आणि 'दारू, अमली पदार्थ आणि वाहतूक सुरक्षा' या विषयावर तासभर प्रबोधन करायचं, हे माझं काम. पडद्यावर उलटलेल्या ट्रॉल्या, खाली तांबड्या अक्षरांत आकडे. पुढच्या रांगेतले पेंगतात, मागच्या रांगेतले मोबाईलवर बैलगाड्यांच्या शर्यती बघतात. भाषण संपलं की "मॅडम, लई भारी" म्हणतात आणि तडक गुत्त्याची वाट धरतात.

पुढच्या रांगेत पेंगणाऱ्यांमध्ये आमचे यजमानही असायचे. सर्जेराव चौगुले. स्वतःचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि खिशात कायम बडीशेप. बडीशेप कशासाठी ते बायकोला कळत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. गावात बायका म्हणायच्या, वैजयंता जगाला शिकवते आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार. मला ते झोंबायचं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या वर्षी नवा कायदा आला. अवजड वाहन चालवणारा शुद्धीत आहे अशी यंत्राची खात्री पटल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ नये, असा तो कायदा. फुंकनळीचं जुनं यंत्र आमच्याकडे आधीच हरलेलं होतं. कारखान्याला लागूनच डिस्टिलरी आहे. तिथे मळीपासून इथेनॉल काढतात आणि आता सगळे ट्रॅक्टर त्याच्यावरच चालतात. आवारातली हवाच अशी, की नळीत कुणीही फुंकलं तरी तांबडा दिवा लागायचा. एकदा सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी सापडले. सर्जेरावांचं म्हणणं, तेच पाणी इंजिनानं प्यालं तर देशसेवा आणि माणसानं प्यालं तर गुन्हा, हा कुठला न्याय.

मग पुण्याहून केयूर दांडेकर नावाचा तरुण इंजिनियर नवं यंत्र घेऊन आला. स्टीअरिंगसमोर बसवायची एक डबी, तिच्यात बारीक कॅमेरा, आणि स्टीअरिंगच्या कड्याला दाब ओळखणारी पट्टी. मी बी.एस्सी. असल्यामुळे त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. शुद्धीतल्या माणसाची नजर सरकत्या ठिपक्यामागे सलग जाते. पोटात दारू गेली की ती अडखळते, बारीक बारीक उड्या मारत जाते. हाताचंही तसंच. अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा चालक स्टीअरिंग सारखं किंचित इकडे, किंचित तिकडे करत असतो, त्याचं त्यालाही कळत नाही. नशा चढली की या छोट्या दुरुस्त्या थांबतात आणि त्यांच्या जागी उशिरा दिलेले मोठे हिसके येतात. गांजा, झोपेची गोळी, गुंगी आणणारं खोकल्याचं औषध, जागरण, कशानंही हे बिघडतं. त्यामुळे काय घेतलंय हे यंत्र विचारत बसत नाही.

"पण मॅडम, प्रत्येकाची नजर वेगळी असते, हात वेगळा असतो," केयूर म्हणाला. "कुणी मुळातच चुळबुळ्या, कुणी ढिम्म. म्हणून आधी प्रत्येकाची मूळ नोंद घ्यायची. पुढे रोज सकाळी माणूस स्वतःच्या मूळ नोंदीपासून किती ढळलाय, एवढंच यंत्र बघणार."

मला हे फार आवडलं. दारू सगळ्यात आधी काय नेते, तर आपल्याला चढली आहे हे ओळखणारी अक्कल. हे मी इतकी वर्षं भाषणात सांगत होते, आणि आता ती अक्कल बाहेरून बसवायची सोय झाली होती. यंत्राला बाईचा आवाज होता, अगदी शुद्ध, सदाशिव पेठी. ट्रॅक्टरवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, नजरबाई.

नोंदी घ्यायला मुहूर्त निवडला चेअरमन दाजीसाहेबांनी. बॉयलर अग्निप्रदीपनाचा दिवस. साखर कारखान्यात हंगामापूर्वी बॉयलरची पूजा करून तो पेटवतात, त्या दिवशी पंचक्रोशीतले सगळे ट्रॅक्टरवाले झाडून येतात. आधी पूजा, मग माझं भाषण, मग नोंदी, मग जेवणावळ. "एकाच मांडवात सगळं उरकून टाका," दाजीसाहेब म्हणाले आणि फोटोसाठी पहिली नोंद स्वतःची दिली. त्यांच्या गाडीलाही नजरबाई बसणार होती.

त्या दिवशीचं माझं भाषण अपूर्व झालं. कुणी पेंगलं नाही. माणसं डोळे मोठे करून ऐकत होती, भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवत होती. पांडबा खोत म्हणून एक जुने ट्रॅक्टरवाले आहेत, उलटलेल्या ट्रॉलीचं चित्र बघून ते चक्क रडले. मला वाटलं, आलं एकदाचं फळ. त्यानंतर सगळ्यांनी शहाण्यासारखं रांगेत बसून नजरबाईपुढे डोळे फिरवले, सर्जेरावांनीही.

त्याच संध्याकाळी जेवणावळ आटोपून घरी येताना सर्जेराव रिकाम्या ट्रॉल्यांसकट कालव्याच्या भरावावरून खाली गेले. समोरून स्कूटरवर एक बाई येत होती, मागे तिची पोरगी. बाईनं गाडी शेतात घातली म्हणून दोघी वाचल्या. सर्जेराव चालत घरी आले, उंबऱ्यावर बसले आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

मग मी बोलले. "माझं माहेर आता उरलेलं नाही, तेव्हा मी माहेरी जाणार नाही. पुन्हा एक थेंब घेतलात तर तुम्हीच तुमच्या माहेरी जायचं. आईकडे, कायमचं."

"न्हाई घेणार," ते म्हणाले. "त्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढनं हलंना झालंय."

आणि खरंच त्यांनी सोडली. पहिले काही दिवस हात कापायचे, घाम यायचा. डॉक्टरांचं औषध झालं, आठवडाभर भात सोडून काही पोटात ठरत नव्हतं. मग हळूहळू माणूस ताळ्यावर आला. बडीशेप डब्यातच राहू लागली. मी भीत भीत खूश होते.

पुढे ट्रॅक्टरांना यंत्रं बसली आणि हंगाम सुरू झाला. पहिल्या सकाळी सर्जेराव अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ट्रॅक्टरवर चढले. ठिपका सरकला. नजरबाईचा दिवा तांबडा झाला.

"आज आपण नेहमीसारखे नाही आहात," ती गोड आवाजात म्हणाली. "कृपया विश्रांती घ्यावी."

शेजारी पांडबा खोतांचा ट्रॅक्टर. पांडबा सकाळची चूळसुद्धा हातभट्टीनं भरतात असं लोक म्हणतात. त्यांना हिरवा दिवा लागला आणि ते हात हलवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आवारातले सगळे हिरवे आणि एकटे सर्जेराव तांबडे. फाटकावर 'आमचे चालक शंभर टक्के सजग' असा फलक लावायचा होता, तो आमच्या घरावरून अडला. दाजीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, सगळा कारखाना शुद्धीवर आणलात. तेवढं घरचं बघा."

मी घरी आले आणि आधी त्यांचं तोंड हुंगलं. वास नव्हता. मग मला माझंच ज्ञान आडवं आलं. वास नाही म्हणजे दारू नाही, पण यंत्र तर गांजाही पकडतं, गोळ्याही पकडतं. मी त्यांचे खिसे पाहिले, कणगीमागे पाहिलं, ट्रॅक्टरच्या पेटीतले पाने एकेक करून बाहेर काढले.

"गोळ्या कसल्या खाताय?" मी विचारलं.

"कसल्याबी न्हाई. वैजू, देवाशपथ सांगतो."

"मग यंत्र काय खोटं बोलतंय?"

"तुझा माझ्यावर इस्वास न्हाई, त्या डबीवर हाय."

"डबीनं मला आजवर फसवलेलं नाही," मी म्हणाले. ते ताटावरून उठून गेले आणि गोठ्यापाशी जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण संशय वाईट वाटण्यापेक्षा मोठा होता.

दरम्यान हिरव्या दिव्याचे पांडबा भर दुपारी वजनकाट्याच्या केबिनची भिंत पाडून आत गेले. काटेवाला चहा प्यायला गेला होता म्हणून निभावलं. यंत्राची नोंद तपासली, तर चालक पूर्ण सजग. तेव्हा दोष ब्रेकचा ठरला आणि पांडबांच्या ट्रॅक्टरला नवे ब्रेक बसवून मिळाले. दुसऱ्या दिवशी आणखी एकानं विजेचा खांब पाडला. तोही सजगच होता.

इकडे आम्ही वाहून न्यायचा तोडलेला ऊस फडात वाळत पडला. ऊस वाळला की वजन घटतं, आणि घटलेल्या उसाचे मालक दारात येऊन उभे राहतात. एका रविवारी मी सर्जेरावांची पिशवी भरली. दोन लेंगे, दोन सदरे, दाढीचं सामान. त्यांच्या आईला फोन करावा म्हणून हात पुसत होते, तेवढ्यात ते स्वतःच आत आले आणि ओट्यावर एक क्वार्टर ठेवली. सील न फोडलेली.

"ही काय आहे?" मी विचारलं. 

"बस जरा. ऐकून घे, मग पायजे तर हाकल." ते भिंतीला टेकून खाली बसले. "पांडबानं मला सांगितलं. म्हणला, येड्या, सकाळी एक घोट मार, बाई हिरवी हुती. आमी समदे त्येच करतोय. न पिता बसलं तर आमालाबी तांबडं दावती. वैजू, ही प्यालो तर तुझी बाई म्हणणार मी शुद्धीत हाय, आणि तू खूश हुणार. न प्यालो तर मी दारुडा. आता तूच सांग, काय करू."

मी बाटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. डोक्यात काहीतरी सरकलं.

"मूळ नोंद घेतली, त्या दिवशी तुम्ही प्याला होतात?"

त्यांनी मान खाली घातली.

"जेवणाच्या आधी? म्हणजे माझ्या भाषणाच्या आधीच?"

"समदेच प्याले हुते," ते पुटपुटले. "दरसाल मागनं पितो. औंदा म्हणले, डोळं तपासणार हायत, झोपून चालायचं न्हाई. शुद्धीत तुझं भाषण जागं राहून ऐकायचं म्हंजी... राग मानू नको, पर न्हाई जमत."

एवढे अपमान मी नोकरीत सोसले, पण असला शास्त्रीय अपमान पहिलाच. माझं भाषण सोसवावं म्हणून सबंध तालुका प्याला होता, आणि त्या अवस्थेतल्या डोळ्यांना आम्ही माणसाचं मूळ म्हणून यंत्रात भरून ठेवलं होतं. प्यालेला माणूस यंत्राला शुद्धीत वाटत होता आणि शुद्धीतला बिघडलेला. कारखान्यातला एकमेव सुधारलेला माणूस माझ्या घरात होता, आणि मी त्याची पिशवी भरली होती.

मला रडू आलं. ते चुकीचं समजले आणि म्हणाले, "फोडली न्हाई गं अजून."

बाटली मी मोरीत ओतली. पिशवीतला सदरा काढून त्यांच्या हातात दिला. "घाला. ऊस आणायचाय."

कायद्यात एक सोय होती. यंत्र नाही म्हणालं तरी अधिकृत प्रशिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शेजारी बसला, तर एक खेप करता येते. ती सोय आजवर कुणी वापरली नव्हती, कारण कुठला शहाणा प्रशिक्षक वीस टन ऊस आणि तांबड्या दिव्याचा चालक यांच्यासोबत घाट उतरेल? मी पदर खोचून मडगार्डवर बसले आणि माझं कार्ड डबीला लावलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी सर्जेरावांना ट्रॅक्टर चालवताना जवळून पाहिलं. हात स्टीअरिंगवर हलकेच, सारखे किंचित इकडे, किंचित तिकडे. केयूरनं सांगितलेल्या त्या बारीक दुरुस्त्या मी डोळ्यांनी बघत होते. समोरून स्कूटर दिसली की ते लांबूनच वेग कमी करायचे आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचे. नजरबाई मात्र वाटभर टोकत राहिली, आज आपण नेहमीसारखे नाही आहात, कृपया विश्रांती घ्यावी.

"नाहीतच ते नेहमीसारखे," शेवटी मी तिला म्हणाले. "म्हणून तर मी बसलेय इथं."

दुसऱ्या दिवशी मी केयूरला घेऊन चेअरमनच्या खोलीत गेले. केयूरनं सगळ्या नोंदी पडद्यावर लावल्या. तो बिचारा पांढराफटक पडला होता. "सगळ्यांचीच नजर उड्या मारत होती, सर. मला वाटलं, या भागातल्या लोकांचे डोळेच तसे असतील. अहवालात मी 'प्रादेशिक वैशिष्ट्य' असं लिहिलंय."

दाजीसाहेब भडकले. शंभर टक्क्यांची बातमी पेपरात आली होती, सगळ्यांच्या नोंदी पुन्हा घ्यायच्या म्हणजे गव्हाणीत ऊस पडायचा थांबला, कारखाना बंद. "एका दारुड्याच्या सांगण्यावरनं?" ते म्हणाले.

"साहेब," मी अगदी मवाळ आवाजात विचारलं, "आपली गाडी सकाळी सुरू होते का?"

ते थांबले. "बॅटरी खराब हाय. दोनदा बदलली."

"आणि संध्याकाळी, क्लबातून निघताना?"

 केयूर पडद्यावरची सर्वांत पहिली नोंद शोधू लागला, फोटोसाठी घेतलेली. दाजीसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं, शिपायाला बाहेर जायला सांगितलं आणि पाण्याचा पेला रिकामा केला. "घ्या नोंदी पुन्हा," ते म्हणाले. "पहिली माझी. आणि फोटो नको."

नियम मी केला. चार दिवस आवारात एकही ट्रॅक्टर हलणार नाही, सगळे घरी कोरडे राहणार. ज्यांना सोडताना त्रास होईल त्यांच्यासाठी दवाखान्याची गाडी दारात उभी. नोंद घेताना घरची बाई समोर हजर पाहिजे, आणि हा माणूस शुद्धीत आहे असं तिनं तोंडानं सांगायचं. त्या चार दिवसांत माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त प्रबोधन झालं. घरोघरी माणसांना पहिल्यांदा कळलं की आपल्याला न पिता झोप येत नाही, किंवा आपली मुलगी आता नववीत आहे. दोघेतिघे स्वतःहून दवाखान्याच्या गाडीत जाऊन बसले.

नोंदीच्या दिवशी पांडबांच्या बायको हौसाक्का सकाळपासून पहिल्या नंबरला उभ्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, एवढी घाई कशाला?"

"तीस वर्सं नांदतीया," त्या म्हणाल्या. "ह्यो माणूस मुळात कसा हाय, त्ये मलाबी एकदा बघायचंय की."

पांडबा शुद्धीत फारच लाजाळू निघाले. हौसाक्कांकडे बघून ते नुसते हसले, आणि हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला.

मग सर्जेरावांची पाळी आली. ते बसले, ठिपका सरकला, आणि नोंदच लागेना. हात थरथरायला लागले. समोर मी, बायको आणि परीक्षक एकाच खुर्चीत.

"फार घाबरलेत ते," केयूर कुजबुजला. "ही मूळ नोंद धरता येणार नाही. मॅडम, घरी रोज जसं असतं तसं वातावरण करता येईल का?"

घरी रोज जसं असतं तसं म्हणजे कसं, यावर मला फार विचार करावा लागला नाही.

"काय हो," मी म्हणाले, "ओला टॉवेल परत गादीवरच टाकून आलात ना? आणि म्हशीला पेंड कोण घालणार होतं? मी? सगळं मीच करायचं, तर तुम्ही घरात कशासाठी आहात, शोभेला?"

सर्जेरावांचे खांदे सैल झाले. हात स्थिरावले, नजर ठिपक्यामागून लोण्यासारखी गेली. "मिळाली," केयूर म्हणाला, "इतकी सुंदर नोंद मी पाहिली नाही." मी हात वर करून मोठ्यानं सांगितलं, हा माणूस शुद्धीत आहे. ते सांगताना मी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या सकाळी सगळे ट्रॅक्टर सुरू झाले. सर्जेरावांचा झाला नाही.

"आज आपण नेहमीसारखे नाही आहात," नजरबाई म्हणाली.

मी आवारात धावत गेले. त्यांचं तोंड हुंगायच्या बेतात होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो बेत तिथेच विरला. काय झालंय ते मला लख्ख कळलं, यंत्रातले सर्जेराव माझी बोलणी खात बसलेले होते. मी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "डबा घरीच विसरलात. डोकं तरी आणलंय का सोबत?" दिवा हिरवा झाला.

तेव्हापासून हे रोजचंच झालंय. केयूर म्हणतो नोंद पुन्हा घेऊ, पण हंगामात त्याला सवड नाही. रोज सकाळी मी ट्रॅक्टरपाशी उभी राहते आणि भर आवारात नवऱ्याला बोलते. बाकीचे ट्रॅक्टरवाले ऐकायला थांबतात. माझं इतकं लक्ष देऊन कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

अडचण वेगळीच आहे. काल सकाळी मी उभी राहिले आणि मला काही सापडेना. टॉवेल दोरीवर होता. म्हशीची पेंड झाली होती. डबा त्यांनी स्वतः भरून घेतला होता, माझाही भरून ठेवला होता. लायसन खिशात, दाढी केलेली, अंगाला साबणाचा वास. मी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ते स्टीअरिंगवर हात ठेवून, आज्ञाधारकपणे ठिपक्याकडे बघत वाट पाहत होते. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली.

"बोल की कायतरी," ते हळूच म्हणाले. "ऊस वाळतोय."

जे तोंडात आलं ते मी बोलून टाकलं.

"एवढं शहाण्यासारखं वागता येत होतं," मी ओरडले, "तर इतकी वर्षं कुठं होता तुम्ही?"

ट्रॅक्टर सुरू झाला.